भोंडे सरांची खिडकी

आमच्या जानेफळात भोंडे सरांकडे गेलात, तर दार वाजवू नका. ते उघडत नाही. ओट्यावरच्या खिडकीसमोर उभं राहायचं. गजांमागे चष्मा चमकतो आणि प्रश्न येतो, "पर्पज ऑफ व्हिजिट?"

"दूध, सर," दूधवाला म्हणतो.

"पुरं वाक्य!"

तो बिचारा "आय हॅव कम टू गिव्ह मिल्क" म्हणतो, तेव्हा कुठे पातेलं बाहेर येतं. सरांचा सख्खा साळा एकदा दुसऱ्याच प्रश्नाला अडकला आणि बसस्टँडवर जाऊन चहा पिऊन परत गेला.

रिटायर झाल्यापासून हा कारभार सुरू आहे. परदेशी शिकायला निघालेल्या पोरांची तयारी सर फुकट करून घेतात. तिकडे विमानतळावर असंच खिडकीपुढे उभं करून विचारतात, असं त्यांचं म्हणणं. स्वतः त्यांनी पासपोर्टसुद्धा काढलेला नाही.

माझं त्यांच्याशी जुनं वैर. नववीत त्यांनी मला इंग्रजीत नापास केलं. मी शाळा सोडली, डोक्यावर कांद्याची पाटी घेतली, आज बाजारात माझी स्वतःची कांद्याची अडत आहे. पण तो राग मी जपून ठेवलाय. चांगला माल कोणी टाकून देतं का?

माझ्या वैष्णवीला मात्र नेदरलँड्सला शेतमालाची साठवणूक शिकायला जायचं होतं. प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्तीसाठी व्हिडिओवर मुलाखत व्हायची होती, आणि ती शिष्यवृत्ती नाही तर जाणंही नाही. मी राग गिळला आणि तिला घेऊन खिडकीपुढे उभा राहिलो.

"व्हाय धिस युनिव्हर्सिटी?" सरांनी तिला विचारलं.

वैष्णवी लहानपणापासून अडतीत माझ्याशेजारी बसलेली. आमच्या धंद्यात माल आवडला तरी तोंड वाकडं करायचं असतं. ओलसर म्हणायचं, बारीक म्हणायचं. आवडलाय हे दिसलं की भाव चढलाच. पोरीने फाडफाड इंग्रजीत सांगितलं, विद्यापीठ बरं आहे, पण गाव महाग आहे, पाऊस फार पडतो, आणि मला आणखी दोन ठिकाणांहून बोलावणं आहे.

मी खूश. सर गज धरून माझ्यावर ओरडले, "गजा, काय शिकोलं बे ह्या पोट्टीले? ते काऊन येतं म्हणून इचारून राह्यले, अन् हे त्यांच्या गावाले नावं ठेवते!"

"सर, गरज दाखोली का माणूस मेला!" मीही तापलो.

"हा बाजार नाही बे. पाह्यजे असन तं पाह्यजे म्हणा लागते!"

मग ती रोज संध्याकाळी खिडकीपुढे उभी राहू लागली. 'पाहिजे' म्हणायला तिला लई दिवस लागले. एकदा तिने सांगितलं, कांदाचाळीत साठवलेले सगळे कांदे सडले त्या साली बाबा दिवसभर कोणावर ओरडलेच नाहीत, तेव्हापासून मला हे शिकायचं आहे. सरांनी चष्मा पुसला. "हेच सांग," म्हणाले.

तिने तेच सांगितलं. शिष्यवृत्ती मिळाली.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही निरोप घ्यायला गेलो. सर गजांमागूनच म्हणाले, "जाय बापा, सुटलो. लय डोकं खाल्लं तू. उच्चार अजून कच्चेच हायेत. आवाज एवढा, का शेजारी बोंबलते. तुह्याहून हुशार पोट्टे पाह्यले म्या."

वैष्णवीचे डोळे भरले. रस्त्यात म्हणाली, "बाबा, सर असे काऊन बोलले?"

माझं उभं आयुष्य हेच ऐकण्यात गेलंय. इतकी नावं ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाचा जीव त्या मालातच अडकलेला असतो. सरांची बायको वारल्यापासून त्या घरात ते एकटेच. मूलबाळ नाही. खिडकीपुढे येईल तेवढंच माणूस, आणि तेही शिकवून विमानात बसवायचं.

पोरीला विमानतळावर सोडून परत आलो, त्याच संध्याकाळी मी ओट्यावर गेलो.

"पर्पज ऑफ व्हिजिट?" आवाज बसलेला होता.

रस्ताभर जुळवत आणलेलं इंग्रजी वाक्य ऐनवेळी पळालं. "सर," मी म्हणालो, "मले तुमच्यासंगं बसून चहा प्याचा हाये."

मग खिडकी रिकामी झाली, आणि दाराची कडी निघाल्याचा आवाज आला.