कॅलेंडरच्या फोटोत न मावलेली रापण

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. माझी मलाच वाटत नाही, आणि मी तर तिथं हजर होतो!

आमचं गाव पेडणे तालुक्यातलं, समुद्राला चिकटलेलं. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना वाचता येतं. या गावात माझ्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा एकच माणूस उरलाय, तो म्हणजे महेश. गडहिंग्लजचा, तिशीतला, तुयेच्या कारखान्यात कामाला. तीन महिन्यांपूर्वी आमच्या मागच्या खोलीत राहायला आला. बाकीच्यांचं काय सांगू? मी "आज शुक्रवार" म्हटलं, तरी आत जाऊन कॅलेंडर बघून येतात!

तर परवा संध्याकाळी सोप्यावर बसून महेशला जशी सांगितली, तशीच इथं लिहितो. आमची बायको रंजना बाजूला तांदूळ निवडत होती. शेजारचा सुधीर नेहमीसारखा चहाच्या वासावर आला होता.

"महेश," मी सुरुवात केली, "मोरजीपासून तेरेखोलपर्यंत माझ्यासारखा फोटो काढणारा माणूस झाला नाही."

"काय सांगताय काका!"

"झालो नाय, ह्यां मात्र खरां," सुधीर कपात बघत म्हणाला.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. गोष्ट सांगणाऱ्यानं रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे आणि शेजाऱ्यांकडे लक्ष द्यायचं नसतं.

गावच्या देवस्थानाचं दरवर्षी कॅलेंडर निघतं. घरटी एक. गेल्या वर्षी आमचा सेक्रेटरी प्रशांत छापखान्याला गावाचा फोटो द्यायलाच विसरला. छापखानेवाल्यानं काय करावं? त्याच्याकडे पडलेला एक फोटो ठोकून दिला. बर्फाचा डोंगर! पांढराशुभ्र! आणि खाली ठळक अक्षरांत, 'आमचा निसर्गरम्य गाव'! वर्षभर तो बर्फ घराघरात लटकत होता. भाग्यलक्ष्मी आजीनं चष्मा पुसून पुसून विचारलं, "बाये, हो खंयचो वाडो गो?" पुण्याचे पाहुणे जत्रेला स्वेटर घेऊन आले!

म्हणून यंदा सभेत मी उभा राहिलो. "फोटो मी देणार! समुद्र, माड, देवळाचा कळस आणि पलीकडचा तेरेखोलचा किल्ला. चारही एका फोटोत!"

प्रशांत म्हणाला, "पांडूबाब, शुक्रवारी सकाळी सातच्या बसनं मी म्हापशाला छापखान्यात जातो. बसमध्ये पाय ठेवण्याआधी फोटो माझ्या हातात नसला, तर परत बर्फ! आणि यंदा खाली तुमचं नाव!"

"बापरे!" महेश म्हणाला.

बघा, याला म्हणतात श्रोता.

शुक्रवारी फटफटतानाच मी टेकडीवर चढलो. गळ्यात जावयाचा कॅमेरा. जावई तारवटी, बोटीवर कामाला, तिकडून आणलेला. लेन्स अशी, की टेकडीवरून बघितलं तर किल्ल्याच्या भिंतीवरचा सरडा मान हलवून हो म्हणतोय की नको म्हणतोय, ते कळावं! डोळा लावला. समुद्र आला. माड आले. कळस आला. किल्ला आला. आणि बरोब्बर मधोमध आली रापणीची होडी, वर निळी ताडपत्री! नव्या नवरीच्या कपाळावर कुंकवाच्या जागी चिकटपट्टी असावी तशी!

"रापण म्हणजे?" महेशनं विचारलं.

"अरे, किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा फेरा मारते. मग दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढतात. आणि नियम असा, की ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीचा वाटा. मग तो तांडेल असो नाहीतर तलाठी!"

खाली होडीजवळ रापणीचा म्होरक्या, तांडेल गौरेश आणि त्याची माणसं विड्या ओढत बसली होती. पाच दिवस समुद्रानं त्यांना मासळीची शेपटीसुद्धा दाखवली नव्हती. मी ओरडलो, "गौरेश! होडी बाजूला घे रे!" वारा असा, की माझे शब्द परत माझ्याच तोंडात आले. फोन करायला गेलो, तर टेकडीवर फोनला रेंज नाही. तशी ती असती तरी उपयोग नव्हता. गौरेशचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टात आणि शर्ट माडाला टांगलेला!

घड्याळ पुढे चाललं होतं. मग मी खांद्यावरचा लाल पंचा काढला आणि जोरजोरात हलवला. उत्तरेकडे! म्हणजे, होडी तिकडे सरकवा!

सुधीरनं कप खाली ठेवला. "महेश, तुका म्हायती नाय म्हणान सांगतंय. टेकडेर रापणीचो एक माणूस बसता, कृष्णनाथ. पाण्यात मासळीचो थवो दिसलो, की तो लाल कपडो हालयता. जंय कपडो, थंय मासळी!"

"आणि तो कृष्णनाथ कुठं होता?"

"चा पियाक गेल्लो!"

तर खाली काय झालं? पंचा दिसला मात्र, सगळे ताडकन उठले! ताडपत्री उडाली. होडी पाण्यात! मला वाटलं, काय ही माणसं! एका इशाऱ्यावर होडी हलवतात! मी खूश होऊन दोन्ही हात पसरले. म्हणजे, शाब्बास! त्यांनी अर्थ घेतला, थवा एवढा मोठा! होडी जाळं सोडत आणखी पुढे गेली. एवढ्यात माझ्या कानाशी गांधीलमाशी आली. मी पंचा गरागरा फिरवला. खाली गौरेशनं कपाळाला हात लावला आणि आणखी दोन होड्या मागवल्या!

आणि मग बातमी फुटली.

आधी आला पाववाला पोदेर. सायकल वाळूत टाकली, दोराला लटकला! मागून पोस्टमन. मागून शाळेची बाई सेजल, हातात हजेरीचं पुस्तक. टॉवेल गुंडाळलेले, अर्धी दाढी झालेले, दात घासता घासता निघालेले! देवळाचा कळस दिसेना, माड दिसेनात. माझ्या फोटोत फक्त पाठी! आणि दोराला पहिला हात कुणाचा? ही रंजना! बगलेत टोपली मारून!

"पयलो न्हय, तिसरो!" रंजना तांदळातून म्हणाली. "आनी टोपली न्हय, बालदी."

मी लेन्समधून बघतो तर तिच्या शेजारी प्रशांत! बस सोडून दोर ओढतोय! आणि त्याच क्षणी टेकडीवर चहा पिऊन कृष्णनाथ उगवला. त्यानं माझ्याकडे बघितलं. पंच्याकडे बघितलं. मग समुद्राकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "पांडूबाब, हंय एक कुर्लीय दिसना मरे!"

साधा खेकडासुद्धा नाही, म्हणजे मासळीचं नावच नको! महेश, तूच विचार कर! अख्खं गाव दोराला. रापण रिकामी आली असती, तर माझा वाटा मला पाठीवर मिळाला असता! आणि वर भिंतीवर बर्फ!

"मग पळालात?"

"पळतो कशाला? मी गोव्याचा माणूस आहे!"

"पळाक लागलेले," रंजना म्हणाली. "करवंदीच्या झाळीत धोतर अडकलां म्हणान रवले."

असो. बायकांना तपशिलाची फार हौस. मी खाली उतरलो आणि दोराला असा हात घातला, की एरवी दोन तास लागणारी रापण वीस मिनिटांत किनाऱ्याला! आणि काय सांगू? बांगडे! नुसते बांगडे! समुद्र हातभर खाली गेला! तिकडे केरीची फेरीबोट वाळूत टेकली, प्रवासी चालत पलीकडे गेले! गौरेशनं मला मिठी मारली. "पांडूबाब, तुमचो डोळो की दुर्बीण?" पोदेरानं पावाची टोपली रिकामी करून बांगडे भरले. त्या दिवशी अख्ख्या गावाला पाव मिळाला नाही, आणि कुणी मागितलासुद्धा नाही!

महेशचा चहा गार झाला होता. "आणि फोटो, काका?"

"फोटो! तिकडे बसनं हॉर्न दिला. प्रशांत म्हणतो, 'पांडूबाब, आता नाहीतर कधीच नाही!' मी एका हातानं दोर धरला, दुसऱ्या हातानं कॅमेरा. समोर दोनशे माणसं, वाळूवर उड्या मारणारे बांगडे, तोंडं समुद्राकडे. आणि नेमका त्याच वेळी, महेश, या सगळ्यांच्या पलीकडे, समुद्रातून हळूहळू वर आला लालबुंद सूर्य! परातीएवढा! अंगावरून पाणी निथळतंय! दाबलं बटण!"

सुधीरचा कप ओठाशी राहिला. रंजनाचा हात सुपात राहिला. महेशचं तोंड माझ्या प्रत्येक गोष्टीला उघडं असतं, ते आज पहिल्यांदाच मिटलं.

"काका," तो म्हणाला, "मी रोज सकाळी कारखान्याला जातो. समुद्र माझ्या पाठीमागं असतोय, आणि सूर्य नीट डोळ्यात येतोय, पेडण्याच्या डोंगरावरनं. तीन महिन्यात एक दिवस चुकला नाही. मग तुमच्याच वेळेला तो उलट्या बाजूनं ड्यूटीवर आला व्हय? फोटो निघालाच न्हाई, असं म्हणा की सरळ!"