अठ्ठावन्न धड्यांची पेटी

पहिल्या धड्याला सात तास लागतील असं कॉम्प्युटरने सांगितलं, तेव्हा मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली आणि प्लायवुडच्या तुकड्यावर गणित मांडलं. धडे अठ्ठावन्न. साताने गुणलं, चोविसाने भागलं. उत्तर सतरा दिवस आलं. हातात शुक्रवारपर्यंतचे चार दिवस होते आणि त्यातला मंगळवार उजाडून बराच वेळ झाला होता.

धडे त्यांच्या बायकोचे. ती शिवणवर्गात तेवीस वर्षं शिकवत होती. शेवटच्या दोन वर्षांत तिने घरीच, पुढच्या खोलीत कॅमेरा लावून, सगळा अभ्यासक्रम बोलून ठेवला होता. सुईत दोरा ओवण्यापासून कोटाच्या कॉलरपर्यंत. नंतर ती गेली. त्याला चौदा महिने झाले. धडे तिच्या कॉम्प्युटरमध्ये तसेच पडून होते आणि मिस्त्रींनी त्यातला एकही उघडला नव्हता. कॉम्प्युटरवरची धूळ मात्र ते रोज पुसत.

मग शिवणवर्गाच्या नव्या मॅडमचा फोन आला. "मिस्त्री, बाईंचे धडे वर्गातल्या पडद्यावर लावायचे आहेत. पण त्या फायली जुन्या पद्धतीच्या, एकेक एवढी अवजड. आमच्याकडे चालत नाहीत. नव्या पद्धतीत लहान करून पेनड्राइव्हवर द्या. शुक्रवारी पाच वाजता मी धड्यांची यादी छापायला पाठवते. तोवर येतील ते यादीत. नाही आले तर बाजारात तयार कोर्स मिळतो, तो लावू. मग वर्षभर तोच."

"देतो," मिस्त्री म्हणाले. सुतार माणसाच्या तोंडून हा शब्द फार सहज निघतो. दिलेल्या वेळेशी त्याचा संबंध असतोच असं नाही. या वेळी मात्र होता.

संध्याकाळी त्यांनी मेहुण्याला बोलावलं. बायकोचा हा धाकटा भाऊ एका स्टुडिओत लोकांचे व्हिडिओ कापायचं आणि जोडायचं काम करायचा. त्याने प्लायवुडवरचं गणित पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं.

"भावोजी, असं नाही व्हायचं. तुमच्या कॉम्प्युटरचा मेंदू एकटा सगळं करतोय. व्हिडिओतलं एकेक चित्र उलगडायचं आणि पुन्हा लहान घडी घालून ठेवायचं. सेकंदाला पंचवीस चित्रं. म्हातारा मेंदू आहे, दमतो."

"मग काय करायचं?"

"ग्राफिक्स कार्ड लावायचं. त्यात याच कामासाठी एक वेगळी चिप असते. बाकीच्या कामांना ती हात लावत नाही, पण हे झपाझप उरकते. तुम्ही हाताने रंधा मारताय, ते रंध्याचं मशीन आहे."

मिस्त्री विचारात पडले. "झपाझप म्हणजे, ती पण झपाझप बोलायला लागेल का?"

"कोण?"

"तुझी ताई. तिला घाई केलेली चालत नाही."

मेहुण्याने हसू गिळलं. "नाही हो. करायला वेळ कमी लागतो, एवढंच. ती बोलायची तशीच बोलेल. मशीनने रंधा मारला म्हणून फळी आखूड होते का?"

"आखूड नाही होत. पण मशीन अर्धा सूत, इंचाचा सोळावा हिस्सा, जास्त खातं."

"इथेही थोडं तसंच आहे," मेहुणा प्रामाणिकपणे म्हणाला. "फाईल किंचित जाड होते. पण ते अगदीच किरकोळ."

त्याच्या स्टुडिओत एक जुनं कार्ड पडून होतं, ते तो बुधवारी सकाळी घेऊन आला. दोन पंखे असलेलं, विटेपेक्षा लांब. कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यात ते मावेना, दोन बोटं बाहेरच राहत होतं. मेहुण्याने तिरकं घालून पाहिलं, उलटं धरून पाहिलं, शेवटी घाम पुसत म्हणाला, "डबा मोठा लागेल. मी दुपारी कुठे मिळतो का बघतो."

"डबा?" मिस्त्री म्हणाले. "सुताराच्या घरात डबा बाहेरून आणणार?"

मेहुणा कामावर गेला आणि मिस्त्रींनी सागवानाच्या फळ्या काढल्या.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा पुढच्या खोलीत एक पेटी उभी होती. गुडघ्याएवढी, चारी कोपऱ्यांना दातांत दात बसवलेले जोड, पुढे पितळी कडी लावलेलं दार, दोन बाजूंना उचलायला मुठी. कॉम्प्युटरचे सगळे अवयव आत आपापल्या जागी बसवलेले. मागची फळी सरस लावून पक्की केलेली. नवं कार्ड आत आरामात पाय पसरून बसलं होतं.

"भावोजी, शुक्रवारी धडे द्यायचेत. दागिने नाही ठेवायचे यात."

"तिचा कॉम्प्युटर आहे. खोक्यात ठेवू?" मिस्त्रींनी जोडावरून अंगठा फिरवला. "बघ, कागद सरकणार नाही मधे. धूळ जायची बिशाद नाही."

मेहुण्याने तारा जोडल्या, कॉम्प्युटर सुरू झाला. त्याने सगळे धडे रांगेत लावले, "आता सकाळपर्यंत निम्मे होतात बघा," म्हणाला आणि घरी गेला. सकाळी येऊन पाहतो तर जेमतेम दोन झालेले.

तो पडद्यासमोर बसून एकेक सेटिंग तपासू लागला. मग हळूच म्हणाला, "माझंच चुकलं. कार्ड लावलं, पण काम कार्डाने करायचं असं सेटिंगमधे सांगितलंच नाही. रात्रभर पुन्हा म्हाताराच राबला."

"आणि कार्ड?"

"बसून होतं."

"त्याचं बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले. "माणसाला आणून बसवलं आणि काम सांगितलं नाही, तर तो बसणारच. मागून त्याला बोल लावायचा नाही."

सेटिंग बदललं. आता प्रत्येक धड्याला वीस मिनिटं दाखवू लागलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिस्त्रींनी पेन्सिल काढून पुन्हा गणित मांडलं, आणि या वेळी उत्तर शुक्रवार पहाटेचं आलं. मेहुणा शीळ घालत कामाला गेला. मिस्त्रींनी धूळ जाऊ नये म्हणून पेटीचं दार लावलं आणि कडी घातली.

तीन धडे झाले आणि कॉम्प्युटर बंद पडला. थोड्या वेळाने सुरू केला, एक धडा झाला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा अर्ध्या धड्यातच बंद. मिस्त्रींनी पेटीवर हात ठेवला. सागवान गरम लागलं. त्यांनी मेहुण्याला फोन केला.

"भावोजी, दार उघडं आहे ना?"

"बंद आहे."

"मग हवा कुठून जाते?"

मिस्त्रींनी पेटीच्या जोडांवरून नजर फिरवली. चाळीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लोक नेहमी उलटं विचारायचे.

"कुठूनच नाही जात," ते शेवटी म्हणाले. "म्हणून तर चांगली झालीये."

"अहो, ते कार्ड भट्टीसारखं तापतं. आतली गरम हवा बाहेर पडली पाहिजे, बाहेरची गार आत गेली पाहिजे. नाहीतर ते स्वतःला वाचवायला बंद पडतं. एखादा जोड जरा ढिला करा."

"ढिला जोड मी करत नाही."

"मग भोकं पाडा."

फोन ठेवून मिस्त्री पेटीसमोर उकिडवे बसले. दार नुसतं उघडं ठेवून पाहिलं, पण मागची हवा मागेच कोंडत होती. काल दिवसभर खपून केलेलं काम. तिने पाहिलं असतं तर काय म्हणाली असती, हे त्यांना नीट माहीत होतं. ती म्हणाली असती, माप घेताना आत राहणाऱ्याला विचारलं होतं का. त्यांनी आतल्या यंत्रावर जुनी चादर गच्च बांधली, ड्रिल घेतलं आणि स्वतःच्या कामाला भोकं पाडायला सुरुवात केली. पहिलं भोक पाडताना डोळे मिटावेसे वाटले. दहाव्यानंतर ते ओळंब्याने रांगा आखू लागले. भोकंच पाडायची, तर सरळ रेषेत तरी. सायकलच्या पंपाने भुसा उडवून त्यांनी कळ दाबली, तेव्हा दुपार कलली होती. पेटीच्या पाठीतून गरम हवेचा झोत आला, आणि धडे वीस वीस मिनिटांनी पुरे होऊ लागले.

शुक्रवारी सकाळी अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न तयार होते. मेहुण्याने अर्धी रजा टाकली होती. स्टुडिओतला पेनड्राइव्ह त्याने लावला आणि फायली त्यावर उतरवायला घेतल्या. पेनड्राइव्ह जुना, बैलगाडीच्या चालीने चालणारा. चार वाजता पडद्यावर पाटी आली. जागा संपली. दोन धडे बाहेर राहिले होते.

"ते अर्ध्या सुताचं बोललो होतो ना," मेहुणा म्हणाला. "अठ्ठावन्न वेळा अर्धा सूत म्हणजे..."

"साडेतीन इंच आणि वर एक सूत," मिस्त्री म्हणाले. "किरकोळ म्हणाला होतास."

"आता दुसरा ड्राइव्ह आणून उतरवायला वेळ नाही. दोन धडे सोडून देऊ. कमी कामाचे कोणते आहेत, सांगा."

"मला काय माहीत? मी कुठे पाहिलेत."

मेहुण्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि बाहेर राहिलेल्या दोनांतला एकतिसावा धडा उघडला. पडद्यावर ती होती. चष्मा नाकावर घसरलेला, हातात निळ्या कापडाची बाही. मिस्त्री खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"चुकलं," पडद्यावरून ती म्हणाली. "उसवते." आणि उसवू लागली. एक एक टाका. मेहुण्याने पुढे सरकवून पाहिलं, तरी ती उसवतच होती.

"दहा मिनिटं नुसती उसवतेय. हा सोडू या."

"हा नाही. उसवायला शिकले नाहीत तर काय शिकले?" मिस्त्री म्हणाले. "दुसरा लाव."

दुसरा म्हणजे शेवटचा, अठ्ठावन्नावा. त्यात ती कोटाची कॉलर लावत होती. मधे मधे थांबत होती, पाणी पीत होती, माफ करा म्हणत होती आणि पुन्हा सुई उचलत होती. या खेपेला मेहुण्यानेच धडा थांबवला. "हा नको सोडायला," तो म्हणाला आणि रुमाल शोधू लागला.

सव्वाचार वाजले होते. मिस्त्रींनी पडद्याची तार काढली, विजेची तार काढली आणि पेटीची एक मूठ धरली. "उचल तिकडून."

"काय?"

"पेटी. सगळे धडे आत आहेत ना? मग पेटीच नेऊ."

शिवणवर्ग पायी वीस मिनिटांवर होता, पण सागवानाची पेटी घेऊन चालणाऱ्याला पस्तीस. कोपऱ्यावरचा सायकलवाला भोकांकडे बघत म्हणाला, "काय मिस्त्री, कोंबड्या पाळल्या का?" पुढे पोस्टमनने विचारलं, "आत काय आहे?" मेहुणा धापा टाकत म्हणाला, "माझी ताई." पोस्टमन बाजूला झाला आणि टोपी काढून उभा राहिला.

वर्गाच्या पायऱ्यांवर पेटी टेकवताना मेहुणा एकदम थांबला. "भावोजी, आत्ता सुचलं. नुसती आतली डिस्क काढून आणली असती, तरी चाललं असतं. हाताच्या पंजाएवढी असते."

"मागची फळी सरस लावून बसवलीये. डिस्कचे स्क्रू तिच्याआड आहेत."

"हो, ते पण आहेच."

मॅडम यादी पाकिटात घालत होत्या. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग पेटी पाहिली. पाचला पाच कमी होते. "मी पेनड्राइव्ह म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

"तो पण आणलाय," मिस्त्री म्हणाले. "त्यात दोन कमी आहेत. पेटीत सगळे आहेत."

मॅडमनी पाकिटातून यादी काढली, पेन घेतलं आणि अठ्ठावन्न हा आकडा लिहिला. मग म्हणाल्या, "एखादा लावून तर दाखवा. चालतात की नाही, कळायला नको?"

मेहुण्याने वर्गाचा पडदा पेटीला जोडला आणि मधलाच कुठलातरी धडा लावला. मशीनवर बसलेल्या सात-आठ बायकांनी माना वर केल्या. पडद्यावर ती आली, आणि ती तशीच बोलत होती, सावकाश, प्रत्येक शब्दाला जागा देत.

"टीप सरळ यायला हवी असेल, तर आधी टेबल हलता कामा नये. आमचं हलतं. नवरा सुतार आहे. लोकांच्या घरी असतो. म्हणून मी पायाखाली पुठ्ठा घातलाय. तुमच्या घरी सुतार नसेल, तर तुम्हाला पुठ्ठा लागणार नाही."

मग मागच्या एका बाईला हसू फुटलं आणि सगळ्या मिस्त्रींकडे बघायला लागल्या. मॅडमही हसल्या. मेहुणा खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते. मिस्त्रींचे कान लाल झाले. चौदा महिन्यांत त्यांना कुणी असं चारचौघांत झापलं नव्हतं.

"मिस्त्री," खिडकीजवळची बाई म्हणाली, "आमचं हे टेबल पण हलतं. इथेही पुठ्ठाच आहे."

मिस्त्रींनी खिशातून पट्टी काढली, मॅडमकडे हातोडी आहे का विचारलं आणि टेबलाखाली शिरले. पाय एका बाजूने झिजला होता, खुंटी सैल झाली होती. वरती धडा चालूच होता. त्यांनी खुंटी धरली, हातोडी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"झालं का हो?" बाईने वाकून विचारलं.

"थांबा," टेबलाखालून आवाज आला. "ती सांगतेय ना."

वाक्य लांब होतं. ते संपल्यावर त्यांनी एक घाव घातला, आणि पुढच्या घावासाठी पुन्हा थांबले.