ढोके काका आणि चिल्फीचा सूर्य

रायपूरच्या बूढापाऱ्यातले आमचे शेजारी ढोके काका थंडीत कॅमेऱ्याला माकडटोपी घालायचे आणि स्वतः बोडक्या डोक्यानं हिंडायचे. "आपल्याले सर्दी झाली तर शिंकता येते," म्हणायचे, "त्याले येते का?"

ते सरकारी खात्यात नकाशे काढायचे. दर पौषात चिल्फीच्या घाटावर सूर्योदयाचा फोटो काढायला जायचे. सूर्य मात्र कधी सापडला नव्हता. अल्बममध्ये अकरा वर्षांचं नुसतं पांढरं धुकं. पाहुण्यांना दाखवताना म्हणायचे, "हे पाहा, हे जरा पातळ आहे." हवामानाचा अंदाज ते गुडघ्यावरून सांगायचे. "उद्या साफ आहे, हव. उजवा काही बोलून नाही राहिला."

राज्याचे दोन भाग होऊन रायपूर राजधानी झालं, तेव्हा खात्यातली माणसंही दोन राज्यांत वाटली गेली. काकांच्या शेजारच्या टेबलावरचे मिश्राजी, घाटावरचे त्यांचे जोडीदार, भोपाळला गेले. घाट नेमका सरहद्दीलगत. दोघांनी ठरवलं, दर पौषात एकानं इकडून यायचं, एकानं तिकडून. दोन हिवाळे तसं झालंही. तिसऱ्या वर्षी काका माझ्याकडे आले. मी नुकतीच गाडी शिकले होते.

"चालते का बेटा? मिश्रा येऊन राहिला."

आदल्या संध्याकाळी आम्ही चिल्फीच्या विश्रामगृहात उतरलो. पहाटे कड्यावर गेलो, तर स्वतःचा हात दिसेना. काकांनी कॅमेऱ्याचा स्टँड उभा केला. तेवढ्यात डावीकडे, अगदी जवळ, दुसऱ्या स्टँडचे पाय उघडल्याचा आवाज आला. खट्. खट्. खट्. मग कोणीतरी घसा खाकरला.

"मिश्राजी आले वाटतं," मी म्हटलं.

"हव. बोलू नको त्याच्याशी. फोटूच्या वेळी त्याले चालत नाही."

थोड्या वेळानं धुकं फाटलं आणि समोरच्या डोंगरावर लालभडक सूर्य आला. मी डावीकडे वळले. तिथं कोणी नव्हतं. दवानं पांढऱ्या झालेल्या गवतावर पावलं होती ती आमच्या दोघांचीच.

"काका, मिश्राजी कुठे आहेत?"

"दिवाळीतच गेला तो," काका हळूच म्हणाले. "भोपाळहून फोन आला होता. तुले सांगितलं असतं, तर तू आली नसती."

समोर सूर्य होता, पण काका बटण दाबेनात. त्यांनी माझी बाही धरून मला आपल्या बाजूला ओढलं.

"जरा इकडं सरक बेटा. त्याचा फोटू निघू दे पहिले."

बघता बघता धुकं परत मिटलं. काकांनी डोळे पुसले आणि स्टँड आवरायला घेतला.

"मिळाला त्याले," म्हणाले.