दरपत्रक उतरलं

नवीन जालन्यातल्या बियाण्यांच्या पेढीत भागवतला कामाला लागून महिनाही झाला नव्हता. त्याला पक्कं करायचं की घरी पाठवायचं, हे मालक रखमाजीअण्णांचं अजून ठरत नव्हतं. पेढीची वेबसाइट भागवतकडे होती. तिथलं दरपत्रक ब्राउझरमध्येच उघडायचं, त्यामुळे खेड्यातल्या दुकानदाराची रेंज गेली की दरही गेले. मग फोन थेट अण्णांना.

"ते उघडायलाच नको, सरळ फोनमधी येऊन पडलं पाह्यजे," अण्णा म्हणाले. "अन् ग्रुपवर तसं कळव. मराठीत लिही. डाउनलोड-फिनलोड नको, आपली माणसं शेतीवाडीची हायेत."

भागवतने सर्व्हरवर एक ओळ वाढवली. लिंकवर बोट ठेवताच फाइल उघडण्याऐवजी गुपचूप फोनमध्ये जमा होऊ लागली. गडी खुशीत आला आणि त्याने दुकानदारांच्या ग्रुपवर लिहिलं : 'आजपासून आपले दरपत्रक उघडणार नाही, थेट उतरेल.'

घात इथेच झाला. धान्याच्या मोंढ्यात भाव उघडतो आणि भाव उतरतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. भागवत तेवढा विसरला.

पहिला फोन भोकरदनचा मोठा दुकानदार रायभान याचा.

"भागवतराव, दरपत्रक खरंच उतरलं का?"

"हो. तुमच्याकडं न्हाई उतरलं अजून?"

"तुम्ही उतरवल्याबिगर आमच्याकडं कसं उतरंल? किती उतरलं तेवढं सांगा."

"शंभर टक्के. मला इथं बराबर दिसून राह्यलंय."

रायभानने फोन ठेवला आणि तो आकडा गावोगावच्या दुकानदारांना कळवला.

दुपारपर्यंत सगळ्या ऑर्डरी थांबल्या. हसनाबादच्या दुकानासमोर तर फुकटच्या बियाण्यासाठी रांग लागली. पेरणी तोंडावर, गोदाम आढ्यापर्यंत भरलेलं आणि हमाल पत्ते कुटत बसलेले. अण्णांनी भागवतला आत बोलावलं.

"शंभर टक्के म्हणलास तू?"

"अण्णा, मी फाइलीचं बोलत होतो."

"लोक दराचं बोलून राह्यले. आता तूच निस्तर. न्हाई निस्तरलं तर उद्या येऊ नको."

भागवत फोन घेऊन बसला. घरी दैवशालाने नवरा पक्का झाल्याचे पेढेसुद्धा वाटून टाकले होते. त्याने एकेक शब्द तोलून लिहिलं : 'गैरसमज नसावा. आज उतरलेले दरपत्रक रद्द समजावे. उद्या सकाळी नवीन दरपत्रक चढवत आहोत.'

लिहून होतंय तोच रायभानचा फोन.

"उद्या चढवा, आमचं काही म्हणणं न्हाई," तो काकुळतीने म्हणाला. "फुकट नको, पण माझा माल जुन्याच दरानं आजच द्या. टेम्पो निघालाय."

हसनाबादचाही निघाला होता. त्याच्यामागे आणखी किती निघाले, ते हमालांच्या कंबरेला विचारावं. दिवस मावळेपर्यंत गोदामात झाडून घेण्यापुरती धूळ उरली.

भागवतच्या जिवात जीव आला. अण्णांनी स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे चहा सरकवला.

"पक्का झालास तू," ते म्हणाले.

भागवतला राहवेना. "पण अण्णा, उद्याच्या पत्रकात दर तर हेच हायेत."

"मला ठाऊक हाय," अण्णा म्हणाले. "तेवढं ग्रुपवर लिहू नको."