मागच्या सीटवरचं वजन

गाडी म्हणजे लोखंड, तारा आणि थोडंसं तेल. चौथं काही तिच्यात नसतं, असं रांगेल चौकातल्या कॉफीच्या दुकानात छातीठोकपणे सांगायचा. तीस वर्षं त्याने गावच्या डेअरीतली यंत्रं दुरुस्त केली होती. त्यामुळे एवदोकिया काकूंकडून घेतलेल्या अठरा वर्षांच्या जर्मन गाडीचे हेडलाइट पहिल्याच आठवड्यात बिघडले, तेव्हा तो चक्क खूश झाला.

"रविवारपर्यंत नीट करतो," त्याने बायकोला, नेवेनाला सांगितलं. "त्यात आहे काय?"

त्यात बरंच काही होतं.

ही गाडी तिच्या काळातली खानदानी. मागे माणसं बसली किंवा डिकीत बटाट्याची पोती टाकली की कुठल्याही गाडीचं नाक वर होतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. ही गाडी मागचं वजन आपणहून ओळखायची आणि तेवढे दिवे खाली वाकवायची. बिघाड असा, की मागे चिटपाखरू नसताना दिवे वाकत होते. तेही कुठेही नाही. वरच्या आळीतून उतरताना दफनभूमीचं फाटक आलं की उजेड मान टाकल्यासारखा खाली पडायचा, चार पावलांपलीकडचं काही दिसायचं नाही. तसाच तो चौकापर्यंत यायचा, आणि बेकरीसमोर पुन्हा ताठ उभा राहायचा.

ह्या गाडीचे आधीचे मालक म्हणजे एवदोकिया काकूंचे यजमान, स्पास काका. बेकरी त्यांचीच. माणूस एकशेवीस किलोंचा. पुढच्या सीटचा पट्टा पोटावर बसेना म्हणून ते कायम मागे बसायचे आणि मुलगा गाडी चालवायचा. वसंतात ते गेले. त्यांना पुरलं ते फाटकाला लागूनच.

"फाटकापाशी चढतात आणि बेकरीला उतरतात," नेवेना म्हणाली. ती भाजी चिरत होती आणि तिने मानही वर केली नाही.

"अगं, ते मेलेत."

"म्हणून तर."

त्या दिवसापासून तिने गाडीत पाय ठेवायला नकार दिला. एरवी रांगेलने हसण्यावारी नेलं असतं, पण त्यांची यान्का खाली शहरात पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते, आणि गावातून बस सुटायची मंगळवारी आणि शुक्रवारी. आयत्या वेळी लेकीपाशी आई पोचणार कशी? मग रांगेलने गावभर बायकोच्या भित्रेपणाची चेष्टा केली आणि हत्यारांची पेटी उघडली.

आधी त्याने फ्यूज बदलले. मग बॅटरीची तार काढून गाडी दिवसभर तशीच ठेवली, म्हणजे ती सगळं विसरेल. काही विसरली नाही. मग त्याने पुढचा बंपर उतरवला, दिव्यांमागच्या बोटाएवढ्या मोटरी काढून पुसल्या आणि बंपर परत बसवला. दोन स्क्रू उरले. अंगणात किल्ली फिरवली की दिवे खाली वाकून वर यायचे, अगदी नमस्कार केल्यासारखे. डॅशबोर्डवर तक्रारीचा एकही दिवा नाही. म्हणजे गाडीच्या मते सगळं ठीक होतं. फाटकापाशी पोचला, की उजेड धप्पकन खाली.

नोव्हेंबर लागला आणि दरीतून धुकं वर यायला लागलं. दुपारी चारलाच दिवे लावावे लागत. फाटकाजवळ धुक्यात तो खाली पडलेला उजेड रस्त्यावर पिवळ्या चादरीसारखा पसरायचा आणि रांगेलच्या मानेवर बारीक काटा यायचा. तो घसा खाकरून लग्नातली गाणी मोठमोठ्याने म्हणू लागायचा. एके दिवशी त्याने मधला आरसा छताकडे वळवून ठेवला. उगाच डोळ्यांवर चमकतो, असं त्याने स्वतःला सांगितलं.

गोष्ट काकूंच्या कानावर गेलीच. त्या एक घोंगडी घेऊन आल्या. रांगेलने त्यांना तारा, मोटरी, सगळं समजावलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घोंगडी मागच्या सीटवर नीट अंथरली.

"त्यांची कंबर धरते रे थंडीत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी घोंगडी एका बाजूला गोळा होऊन पडली होती. वळणावर सरकली असेल, रांगेलने ठरवलं. पण ती नीट घडी करून ठेवायला त्याने मागचं दार उघडलं नाही.

शेवटी तो मानहानी गिळून शेजारच्या गावी बोयान मेकॅनिककडे गेला. बोयानने गाडी वर उचलली, मागच्या चाकामागे बॅटरीचा उजेड टाकला आणि वीतभर लांबीची गंजलेली, तुटलेली काडी त्याच्या हातात दिली.

"गाडी मागे किती दबली, हे ही काडी दिवे वाकवणाऱ्या खोक्याला सांगते," तो म्हणाला. "ती तुटली. खोकं जिवंत आहे, पण खोटं बोलतं. एखाद्या उंचवट्यावर गाडी उडाली की त्याचा दांडा वर चिकटतो, खड्ड्यात आदळली की सुटतो. तुझ्या रस्त्यावर असं कुठे आहे का?"

होतं. फाटकापाशी अक्रोडाच्या मुळाने डांबर वर उचललं होतं, आणि बेकरीसमोर गटाराचं झाकण खचलं होतं. रांगेलला इतका आनंद झाला, की त्याने बोयानचा तेलकट हात दोन्ही हातांनी दाबला. नवी काडी बसली. बोयानने गाडी सपाट जमिनीवर उभी करून संगणकाला जोडली आणि दिव्यांना त्यांची मूळ जागा शिकवली.

"आता ही खोटं बोलणार नाही," बोयान म्हणाला.

तो शनिवार पितरांचा होता. गावातल्या बायका उकडलेले गहू आणि मेणबत्त्या घेऊन थडग्यांवर गेल्या होत्या, नेवेनाही, पायी. बोयानकडून परत येताना रांगेल मुद्दाम फाटकावरून गेला. गाडी मुळावरून उडाली, उजेड जागचा हलला नाही. त्याने विजयाने गाडी वळवली आणि फाटकाशेजारच्या झऱ्यावर कॅन भरायला थांबला. इंजिन चालू, दिवे समोरच्या दगडी भिंतीवर. दाट धुकं, आणि झऱ्याचं पाणी असं कोसळत होतं की दुसरं काही ऐकू येऊ नये.

कॅन अर्धा भरला असेल. भिंतीवरचा उजेड सावकाश वर चढला. क्षणभर तिथेच थांबला. मग तितक्याच सावकाश खाली येऊन मूळ जागी स्थिरावला.

रांगेलला बोयानचं बोलणं आठवलं. मागे वजन आलं, गाडीने ते मोजलं, आणि दिवे वाकवून हिशेब बरोबर केला. गाडी नीट झाली होती, आणि ती खरं बोलत होती.

पळावं, तर घरापर्यंत सगळा चढ, आणि दोन्ही बाजूंना थडगी. तो कॅन तिथेच टाकून, जमिनीकडे बघत गाडीत बसला. आरसा छताकडेच होता. मागून मेणाचा आणि उकडलेल्या गव्हांचा वास येत होता. त्याने गिअर टाकला, आणि गाडी बेकरीकडच्या उताराला लागल्यावर बोलू लागला.

"काका, नेवेनाला मी गावभर भित्री म्हणालो. भित्रा मी आहे. तीन आठवडे मी मागे वळून पाहिलेलं नाही. तुम्ही रोज खुशाल बसा, गाडी तुमचीच आहे. फक्त एक करा. यान्काची वेळ झाली म्हणून फोन येईल, त्या फेरीला येऊ नका. तिच्या आईला तिच्याजवळ पोचू द्या. बाकी मला काही नको."

मागे कुणीतरी नाक शिंकरलं.

गाडी गटारात जाता जाता वाचली.

"नाही येणार ते," एवदोकिया काकूंचा भरलेला आवाज आला. "मी सांगते त्यांना."

"आणि फोन मघाशीच आला," नेवेना म्हणाली. "यान्काला दवाखान्यात नेलंय. बेकरीशी थांबू नकोस, सरळ चल."

फोन आला तेव्हा नेवेनाला फाटकाबाहेर आपली गाडी दिसली होती. एकटीने बसायची छाती होईना, म्हणून तिने काकूंना आणि त्यांच्या नणंदेला ओढून आणलं होतं. दोघीही अंगाने स्पास काकांच्या तोलाच्या.

"मग बोलली का नाहीस लगेच?" रांगेलने विचारलं.

"तू बोलत होतास ना," ती म्हणाली. "छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मधे कशी तोडू?"

उतारभर दिव्यांनी रस्ता स्वच्छ दाखवला. तासाभरात ते दवाखान्यात पोचले, आणि यान्काला वेळ आहे, सगळं ठीक आहे, असं कळलं. तोवर नणंदबाईंनी अर्ध्या वॉर्डाला सगळी हकीकत साभिनय सांगितली होती. दोन नर्सा रांगेलकडे बघून तोंडात रुमाल कोंबत होत्या. तेव्हा तो उठला, खाली जाऊन गाडीत जरा शांत बसतो म्हणाला, आणि निघून गेला.

पाच मिनिटांत तो परत आला आणि बायकोला अगदी चिकटून बाकावर बसला.

"खाली गारठा फार आहे," तो म्हणाला.