रत्नागिरीला दोघंच

मे महिन्यात रत्नागिरीला जायचं, दोघांनीच जायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही, हे मी ठरवलं तेव्हा पंख्याखाली बनियनवर बसून कलिंगड खात होतो. (कलिंगड खाताना माणसानं काही ठरवू नये. तोंड भरलेलं असतं, त्यामुळं आपण काय बोलतोय ते आपल्यालाच नीट ऐकू येत नाही.) तरी आजही सांगतो, बेत चोख होता. पुढं जे झालं त्याला सगळं कोल्हापूर जबाबदार आहे, मी नाही.

त्याचं असं आहे की, आमच्या दानेश्वरीनं समुद्र बघितलेला नव्हता. माहेर संकेश्वर, सासर कोल्हापूर, दोन्हीकडं नुसत्या नद्या. लग्नाला वीस वर्षं होत आली. आंबा घाट उतरला की रत्नागिरी आलीच म्हणायची, तरी जाणं झालं नाही. दर उन्हाळ्यात बेत ठरायचा, मग त्यात माणसं वाढायची, मग कुणाचा गुडघा, कुणाचा उपास, आणि शेवटी सगळ्यांना जमेल असं म्हणून आम्ही ज्योतिबाला जाऊन परत यायचो. यंदा मी तिला सरळ विचारलं, तुला नेमकं काय बघायचंय ते सांग. रत्नदुर्ग, थिबा पॅलेस, दीपगृह, सगळं मी मोबाईलवर काढून ठेवलं होतं.

ती फरशीवरच्या कलिंगडाच्या बिया गोळा करत होती. (मी टाकलेल्या.) मान वर न करता म्हणाली, "बघायचं काय न्हाय. तासभर समुद्रासमोर बसायचंय. आन् त्या तासात मला कुणी हाक मारायची न्हाय."

आता आमच्या घरात कुठली वस्तू कुठं आहे हे फक्त तिला माहीत असतं. टॉवेल कुठंय, लायटर कुठंय, नेलकटर कुठंय, दिवसभर तिच्या नावाचा गजर चालू. मी पतसंस्थेत कारकून आहे, तिथं कुठल्या कपाटात कुणाची फाईल आहे ते झोपेत सांगेन, पण घरात पाऊल टाकलं की मला माझे मोजे सापडत नाहीत. माझा मोबाईल कुठं ठेवलायस, हे मी तिला एकदा त्याच मोबाईलवरून फोन करून विचारलं आहे. पण त्या दिवशी तिचं बोलणं ऐकून मला गलबलून आलं. वीस वर्षांत बाईनं मागितलं काय, तर एक तास. मी तिथंच जाहीर केलं, यंदा आपण दोघंच. तुला हाक मारायला कोण येतोय ते बघतोच मी.

"तुमच्याच्यानं व्हायचं न्हाय," ती म्हणाली, आणि बिया टाकायला गेली.

संपला विषय. हे असलं बोलणं कोल्हापूरच्या माणसाला ऐकवायचं नसतं. मी तडक शनिवार सकाळच्या एसटीची दोन तिकिटं काढली, मांडवीजवळच्या लॉजवर खोली सांगून ठेवली आणि स्वतःसाठी नवी कोरी कापशी कोल्हापुरी चप्पल आणली. तेल पाजून अशी तयार केली, की गल्लीच्या टोकाला करकर ऐकू यावी. दानेश्वरी म्हणाली, वाळूत असली चप्पल कशाला, रबरी स्लीपर घाला. मी म्हटलं, कोल्हापूरचा माणूस रबरी स्लीपर घालून दुसऱ्या जिल्ह्यात जाणार? गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

घात झाला तो दुधाच्या कट्ट्यावर. आमच्याकडं संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन कट्ट्यावर येतात, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. तो तिथंच उभ्यानं संपवायचा. आमचा गवळी जोतीराम. माझ्या पेल्याची धार तो रोज राखून ठेवतो, मला उशीर झाला तर म्हशीला थोपटत वाट बघत उभा राहतो. अशा माणसाला न सांगता खाडा करणं मला जमण्यासारखं नव्हतं. (तुम्हाला जमत असेल तर तुम्ही पुण्याचे.) म्हणून मी अगदी हळू आवाजात एवढंच म्हणालो, की शनिवार-रविवार येत नाही. रत्नागिरीचा र सुद्धा काढला नाही.

जोतीरामनं काही विचारलं नाही. पण शेजारी आमचा आकाराम मिशीचा फेस पुसत उभा होता. हा आमच्या भिंतीला भिंत लागून राहतो आणि त्याची वडापाची, म्हणजे सीटमागं पैसे घेऊन माणसं भरायची, क्रूझर आहे. त्यानं माझ्या पायाकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "मे महिना, शनिवार-रविवार, आन् नवी चप्पल. विरूआण्णा, समुद्राला काय?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि व्हय म्हणालो. हातात धारोष्ण दुधाचा पेला असताना खोटं बोलायला माझी जीभ उचलत नाही, त्याला मी काय करू?

घरी पोचेपर्यंत आक्काचा फोन. आक्का माझी थोरली बहीण, कळंब्याला असते. (तुरुंगात नाही, तुरुंगाच्या अलीकडं. हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं.) मला कसं सांगितलं नाहीस, असलं काही ती बोलली नाही. तिनं एवढंच विचारलं, की समुद्रावर वारं असतंय म्हणे, मग स्वेटर घेऊ काय. मे महिन्यात! मी फोन ठेवला आणि नकार द्यायला समक्ष कळंब्याला गेलो. वाटेत भाषण पाठ केलं होतं, चांगलं कडक होतं. पण तिनं आधी पाट मांडला आणि वाटीभर आमरस पुढं ठेवला. येताना मी आक्का, आक्काची सून, सुनेची आई आणि सुनेच्या आईची गुडघ्याची पट्टी, एवढं मान्य करून आलो. लेखी नाही, तोंडी.

इकडं आकारामनं क्रूझर धुऊन काढली होती. गाडी त्याची, डिझेल सगळ्यांचं. गॅसची शेगडी, पातेली आणि कांदा-लसूण चटणीची बरणी मागं चढली. कोकणातल्या माशाला आपलं तिखट कसं असतं ते एकदा दाखवायचंय, असं त्याचं म्हणणं. आम्ही शाकाहारी, आम्हाला माशाचं काय? तर तुमच्यासाठी वांगी घेतल्यात, म्हणाला.

हे सगळं दानेश्वरीला कसं सांगावं या विचारात मी अंघोळीला गेलो आणि बाहेर आलो तोवर तिला कळलं होतं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. टॉवेल माझ्या हातात देत तिनं शांतपणे विचारलं, "मग ज्योतिबाला कधी निघायचं?"

ते मात्र मला लागलं. मी इरेला पेटलो. त्याच दिवशी एसटीची तिकिटं बदलून शुक्रवार सकाळची केली, लॉजवाल्याला कळवलं आणि दानेश्वरीला कानात सांगितलं, की हे लोक शनिवारी क्रूझर घेऊन उठतील तेव्हा आपण समुद्रासमोर बसलेलो असू. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. काय सांगू, मला माझाच अभिमान वाटला.

गुरुवारी संध्याकाळी मी कट्ट्यावर गेलो. जायला नको होतं, असं आता सगळे म्हणतात. अहो, पण जोतीराम शुक्रवारी धार राखून बसला असता, त्याचं काय? मी आधी चारी बाजूंनी बघून घेतलं. आकाराम कुठं दिसला नाही. मग पेला संपवला आणि म्हणालो, "उद्याबी येत न्हाय." झालं, एवढंच. यात कुणाला काय कळणार होतं?

पण जोतीराम पडला सरळ माणूस. राखलेली धार वाया जाऊ नये म्हणून, मी गेल्यावर आलेल्या आकारामला तो म्हणाला, की उद्या विरूआण्णाचा पेला तुम्हीच घ्या, ते उद्यापासनंच न्हाईत.

शुक्रवारी उजाडताना आम्ही एसटी स्टँडवर पोचलो, तर बाहेर क्रूझर उभी. पुढच्या सीटवर आक्का, अंगात स्वेटर. ती रागावलीही नव्हती. शुक्रवारचं ठरलं हे जरा आधी कळवायचं, भाकऱ्या थापताना किती धांदल झाली, एवढीच तिची तक्रार. माझं डोकं फिरलं. मी चार रिक्षावाल्यांच्या देखत सांगून टाकलं, की मी या गाडीत पाय ठेवणार नाही, माझं रिझर्व्हेशन आहे आणि आम्ही दोघं एसटीनंच जाणार. मग दुजोऱ्यासाठी मागं वळून बघितलं, तर दानेश्वरीला बायकांनी आत ओढून खिडकीशी बसवलं होतं.

"आता बसले की वो," ती म्हणाली. "वारं चांगलं लागतंय हितं."

"तू ये रं तुझ्या स्वाभिमानासंगं," आक्का म्हणाली आणि क्रूझर गेली.

मी एसटीतच बसलो. बोललो ते बोललो. शेजारच्या रिकाम्या सीटवर बॅग ठेवली. घाटात एक ट्रक आडवा झाल्यामुळं वाहनांची रांग लागली आणि मी उन्हात शिजत बसलो. मधल्या वेळात दानेश्वरीला फोन केले. बीपीची गोळी कुठल्या कप्प्यात, चार्जर कुठंय, लॉजचं नाव काय होतं, असले अगदी गरजेचेच. त्या वेळी ती समुद्रासमोर नव्हती, तेव्हा ते धरायचे नाहीत. शेवटचा फोन आक्कानं उचलला आणि लगेच बंद केला.

मांडवीला पोचलो तेव्हा सूर्य खाली आला होता. आणि बघतो तर काय, आमची सगळी वरात वाळूत अलीकडंच बसलेली आणि कुणाच्या तोंडातून शब्द नाही. आकाराम शेगडीवर मासा परतत होता, तोही उलथनं न वाजवता. सुनेच्या आईचा गुडघा दुखत असणार, पण ती पदर तोंडात धरून बसली होती. इतकी कोल्हापूरची माणसं एका जागी गप्प बसलेली मी उभ्या जन्मात बघितली नव्हती. आणि लांब, पाण्याच्या अगदी जवळ, दानेश्वरी एकटी. पदर वाऱ्यावर सोडून दिलेला, मांडीवर दोन्ही हात मोकळे. हातात काही नाही, अशी ती मला कधी दिसलीच नव्हती. मला बरं वाटलं. आणि खरं सांगतो, थोडा रागही आला. हा बंदोबस्त मी करणार होतो.

आक्का पुढं आली आणि माझ्या दंडाला धरून कुजबुजली, "येताना सांगितलं तिनं आमाला. तास चालू झालाय. आमी सगळ्यांनी तोंडं मिटल्यात. हाक मारणारा एकच ऱ्हायलाय, त्यो आत्ता एसटीतनं उतरलाय."

मला हे झोंबलं. मी तिला खुणेनंच सांगितलं, की बघच आता. म्हटलं, नुसता हिचा चेहरा लांबून बघून यावा. पण दोन पावलं टाकली आणि चप्पल करकरली. सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं. मी चपला काढल्या, हातात धरून पाण्यापर्यंत गेलो, तिथं कडेला त्या नीट जोडीनं ठेवल्या आणि अनवाणी उभा राहिलो. हाताची घडी, ओठ मिटलेले. माझ्याएवढा गप्प माणूस त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता.

आणि लाट आली. समुद्राचं पाणी नदीसारखं नसतं, पुढं येऊन मागं जातं, हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं. लाट गेली तेव्हा जागेवर एकच चप्पल होती.

"दाने, अगं माझी चप्पल कुठं गेली?"

हे मी बोललो नाही. वीस वर्षांची सवय बोलली. आकारामचं उलथनं हवेत थांबलं. आक्कानं कपाळाला हात लावला. दानेश्वरीनं वळून माझ्याकडं बघितलं, मग उरलेल्या चपलेकडं बघितलं. मला वाटलं, आता उठेल, येईल आणि नेहमीसारखी शोधून देईल. ती जागची हलली नाही.

"मला काय विचारताय?" ती म्हणाली. "समुद्राला विचारा."

आणि तोंड फिरवून पुन्हा पाण्याकडं बघत बसली. आक्कानं घड्याळात बघून तास पहिल्यापासनं मोजायला घेतला. मला वांग्याच्या पातेल्यापाशी बसवण्यात आलं, शेजारी पहाऱ्याला आकाराम.

परत येताना मी क्रूझरमधून आलो, मागं, शेगडीजवळ. पायात रबरी स्लीपर. त्या माझ्याच बॅगेत तळाला होत्या, दानेश्वरीनं आधीच घालून ठेवलेल्या. तरी मी म्हणतो, आम्ही दोघंच गेलो असतो तर हे काहीही झालं नसतं. तिथं झालेलं एक अक्षर बाहेर काढायचं नाही, अशी मी गाडीतल्या सगळ्यांना ताकीद दिली. सगळ्यांनी व्हय म्हटलं.

सोमवारी संध्याकाळी कट्ट्यावर गेलो. कुणाशी बोललो नाही. जोतीरामनं धार काढली, पेला माझ्या हातात दिला, माझ्या स्लीपरकडं बघितलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "मग विरूआण्णा, काय म्हणाला समुद्र?"