आता एक वेडावाकडा!

माणसाचं दुःख हलकं करायचं तर त्यासाठी आधी एक कक्ष स्थापन करावा लागतो, हे आता सर्व सुधारलेल्या विद्यापीठांनी मान्य केलं आहे. (पूर्वी हे काम मैत्रिणी करत. ती पद्धत अशास्त्रीय होती.)

फिलिपाइन्समधल्या इलोइलो शहरातल्या एका विद्यापीठाने याबाबतीत जी आघाडी घेतली, तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. तिथल्या विद्यार्थी कल्याण कक्षाच्या प्रमुख डॉ. तेओफिस्ता पलमारेस यांनी ‘सोबती’ योजना काढली. विद्यार्थ्याचं दुःख विद्यार्थ्यानेच ऐकायचं. ऐकणाऱ्याला पिवळा टी-शर्ट, त्यावर छातीभर ‘बोल ना, मी ऐकतोय’, दर बैठकीला पान्सित शेवयांची बशी, आणि वर समाजसेवेचे गुण. पहिल्याच सत्रात नर्सिंगचा अख्खा वर्ग सोबती झाला. पाठोपाठ अभियांत्रिकीवाले आले. नाताळपर्यंत आवारात पिवळा नसलेला विद्यार्थी शोधून सापडेना. एवढी सहृदयता एका जागी इतक्या स्वस्तात क्वचितच गोळा झाली असेल.

अडचण एकच होती. ऐकणारे उदंड झाले आणि बोलायला कुणी उरलं नाही. दोन सोबती समोरासमोर आले की दोघेही मान तिरकी करून, डोळ्यांत माया आणून वाट बघत बसायचे. तास झाला की उठायचे. अहवालात ‘विद्यापीठातील दुःखाचे प्रमाण: नगण्य’ अशी नोंद झाली आणि त्याबद्दल कक्षाचं अभिनंदनही झालं. पण पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवायचं तर दुःखी माणूस लागतो. म्हणून सोबत्यांनीच आलटून पालटून दुःखी व्हावं, असा ठराव झाला. त्यासाठी मंजूर दुःखं तीन: प्रेमभंग, परीक्षेची भीती आणि घरची आठवण. (घरची भांडणं वगळली, कारण पाहुण्यांत पालकही असतात.)

देसीरी मगबानुआ ही तिसऱ्या वर्षाची नर्सिंगची मुलगी म्हणजे या कक्षाचं भूषण. ‘मी ऐकतेय’, ‘तुझ्या भावना रास्त आहेत’ आणि ‘थोडं पाणी पी’ ही तिन्ही मान्यताप्राप्त वाक्यं तिच्याइतकी मायेने कुणी म्हणत नसे. नवी पोरं तिच्याकडूनच शिकली.

तिचं स्वतःचं दुःख मात्र मंजूर दुःखांत बसत नव्हतं. वॉर्डात एका आजोबांचा रक्तदाब घ्यायला तिने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, आणि पट्ट्यातली हवा जाईपर्यंत आजोबाही गेले. तिची चूक नव्हती, तसं सगळ्यांनी सांगितलंही. पण तेव्हापासून पट्ट्याचा तो फुस्स आवाज आला की ती आधी पेशंट श्वास घेतोय का ते बघायची. झोप उडाली होती. तिला नर्स व्हायचंच नव्हतं. हे आईला सांगायची सोय नव्हती, कारण लेक नर्स होऊन इंग्लंडला जाणार म्हणून आईने तिथल्या थंडीसाठी लोकरीचा कोट आधीच घेऊन भिंतीला टांगला होता. इलोइलोच्या उकाड्यात शेजारच्या बायका येऊन त्याला हात लावून जात.

तिने एकदा रेनियेलकडे विषय काढून बघितला होता. हा तिच्या हाताखाली तयार झालेला, एक वर्ष मागचा सोबती. (तिकडे धाकट्या मुलाला ‘तोतो’, धाकट्या मुलीला ‘इंदाय’ आणि थोरलीला ‘मानांग’ म्हणतात.)

“तोतो, मला ना हल्ली झोपच येत नाही.”

“मी ऐकतोय, मानांग. तुझ्या भावना रास्त आहेत.” त्याने बाटली पुढे केली. “थोडं पाणी पी.”

ती प्यायली. शिकवणी उत्तम झाली होती, याबद्दल तक्रारीला जागाच नव्हती.

मग वार्षिक सोबती दिन आला (त्यात प्रात्यक्षिकाला परीक्षक गुणही देतात) आणि दुःखी व्हायची वेळ देसीरीची आली.

“इंदाय, तू ‘घरची आठवण’ घे,” पलमारेस मॅम म्हणाल्या. “सोपी आहे. आणि शेवटी हसायचं विसरू नकोस हं, पाहुण्यांना नंतर जेवायचं असतं.”

आधी प्रार्थना झाली, मग राष्ट्रगीत, मग पुन्हा प्रार्थना (अध्यक्ष उशिरा आले), मग समूहनृत्य, आणि मग दुःख. देसीरी उभी राहिली. घरची आठवण तिला आठवेचना. तिने आजोबांचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं, कोटाचं सांगितलं.

“मला हे नाही जमत,” ती म्हणाली. “मला कुठेच जायचं नाहीये. आणि हे सांगू कुणाला? तुम्ही सगळे तर ऐकणारेच आहात!”

सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. परीक्षकांनी नेमून दिलेला विषय सोडल्याबद्दल गुण कापले, पण अभिनयासाठी प्रशस्तिपत्र दिलं.

त्यानंतर फोटो. त्या मुलखात फोटोशिवाय कार्यक्रम संपत नाही. पहिला फोटो शिस्तीत निघतो, आणि मग कुणीतरी ओरडतंच, “आता एक वेडावाकडा!” तो न काढता निघून जाणं म्हणजे जेवून हात न धुता उठणं. आरोळी झाली. अध्यक्षांनी जीभ काढली, मॅमनी डोळे तिरळे केले. आणि पहिल्या रांगेत प्रशस्तिपत्र धरून उभी असलेली देसीरी हमसाहमशी रडू लागली. तोंड वाकडं, नाक वाहतंय, गळ्याच्या शिरा ताठ.

“वा, मानांग! तसंच ठेवा, तसंच!” फोटो काढणारा खूश झाला.

तिने तसंच ठेवलं, कारण तिला थांबता येत नव्हतं.

सर्वांत वेडावाकडा चेहरा म्हणून तो फोटो निवडला गेला. फाटकावर मोठा फलक लागला: ‘दुःख? आम्ही हसून घालवतो!’ त्याखाली उभं राहून लोक स्वतःचे फोटो काढू लागले. आईने तो कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला. लीड्सच्या मावशीने अंगठा टाकला, दुबईच्या मामाने हसून लोळणारे चेहरे.

एका दुपारी देसीरी त्या फलकाखालून जात होती. रेनियेल तिथे मान वर करून उभा होता. त्याचा पिवळा शर्ट धुवायला गेला होता.

“मानांग, हे तू सोंग नाही ना केलंस?”

“नाही.”

“मग?”

हे वाक्य मान्यताप्राप्त नव्हतं. देसीरी फाटकाच्या पायरीवर बसली आणि बोलत सुटली. त्याने पाणी पुढे केलं नाही, मान तिरकी केली नाही. मध्येच “अरे बाप रे” म्हणाला, एकदा तर “कोट? या गरमीत?” म्हणून हसलाही, आणि तीही नाक पुसत हसली. त्याचा तास बुडाला.

“आईला सांगायला मी येऊ बरोबर?”

“तू काय सांगणार तिला?”

“काही नाही. नुसता बसेन. तू सांग.”

तो गेला. कोटाखाली बसला. आई आधी चिडली, मग रडली. कोट अजून भिंतीवरच आहे, पण देसीरी आता झोपते.

गणवेशाविना ऐकल्याबद्दल कक्षाने रेनियेलकडून खुलासा मागवला आहे. फलक मात्र तसाच आहे. तो काढून टाकावा, असं अद्याप कुणाला वाटलेलं नाही.

हे वाचताना तुम्हाला त्या फोटोचं हसू आलं असेल तर संकोच नको, सगळ्यांनाच आलं. फक्त सवडीने तुमच्या घरच्या ग्रुपवरचा गेल्या लग्नातला फोटो मोठा करून बघा. मागच्या रांगेत एकजण तोंड वाकडं करून उभा आहे. त्याखाली तुमचाही अंगठा आहे.